नवसाचा बांगडा

माझ्या आईने चौदा महिने बांगडा खाल्ला नाही. हे वाचून ज्यांना विशेष काही वाटलं नाही ते आमच्याकडचे नव्हेत. माझ्या नवऱ्यालाही वाटलं नव्हतं. तो नाशिकचा. "मग सुरमई खायची ना आई," असं तो तिच्या तोंडावर बोलून बसला आणि पुढचे दोन रविवार आईने त्याला चहा दिला, पण सोबत बिस्किट दिलं नाही.

आई कुडाळच्या बाजूची. लग्न होऊन भांडुपला आली त्याला पन्नास वर्षं होत आली, पण अजून ती मालवणीतच बोलते आणि मालवणीतच भांडते. माशांच्या बाबतीत तिची मतं ठाम आहेत. पापलेट हा पाहुण्यांचा मासा. सुरमई जावयांची, कारण मधे एकच काटा, कुणालाही जमतो. बांगडा मात्र आपला. तो खायला बोटं लागतात, सवय लागते आणि समोरच्याशी बोलणं बंद ठेवावं लागतं. बाजारातली कोळीण आईला लांबून बघितलं की न सांगता बांगड्यांवरचं फडकं बाजूला करायची. नवस सुरू झाल्यावर आई तिच्यासमोरून नुसतीच पुढे जायला लागली, तेव्हा ती बिचारी चार दिवसांनी मला अडवून विचारायला लागली की आईला मी काही उलटसुलट बोलले का. बाजारातला भाव वाढला काय किंवा आईने मासे सोडले काय, संशय आधी माझ्यावर. मी तापट आहे हे भांडुप स्टेशनपर्यंत सगळ्यांना माहीत आहे.

तर नवसाचं असं झालं. गेल्या वर्षी गणपती जाऊन आठ दिवस झाले होते. बाबा सकाळी दाढी करायला बसले आणि त्यांच्या हातातून वस्तरा पडला. उचलायला गेले तर हात खाली जाईना. अर्धांगाचा झटका. मी मालाडच्या ऑफिसातून निघून मुलुंडच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत दोन तास गेले आणि त्या दोन तासांत मी रिक्षावाला, सिग्नल आणि मेट्रोचे खड्डे या सगळ्यांचा उद्धार केला. पोचले तर आई आयसीयूच्या बाहेर उभी होती आणि नर्सला विचारत होती, कोकण खंयच्या बाजूक? नर्स केरळची. तिला काय कळलं कोण जाणे, तिने कॅन्टीनच्या दिशेला हात केला. आईने चपला काढल्या, कॅन्टीनकडे तोंड करून हात जोडले आणि गावच्या देवीला शब्द दिला.

"ह्येंचो उजवो हात परत येवदे. ह्येनी आपल्या हातान बांगड्याचो काटो काढून बांगडो खाल्ल्यानी, की मगच मी बांगडो तोंडाक लावतलंय. तोवर नाय."

मी तिथेच तिच्यावर वैतागले. म्हटलं, बोलायचाच तर कारल्याचा बोल ना नवस. कारलं तुला आवडत नाही, देवीलाही काही फरक पडणार नाही. आई म्हणाली, "जा आवडत नाय ता सोडून देवीक फसवतलंय?" आणि पुन्हा कॅन्टीनकडे तोंड करून उभी राहिली.

बाबांचा हात म्हणजे काय होता ते सांगायला हवं. ते गिरणीत मागावर होते. गिरणी बंद पडल्यावर त्यांनी बरीच कामं केली, पण स्वतःला शेवटपर्यंत विणकरच म्हणवून घेतलं. चालू मागावर धागा तुटला की तो डोळ्याला दिसायच्या आत त्यांची बोटं गाठ मारून मोकळी व्हायची, असं ते सांगायचे. आम्ही विश्वास ठेवायचो, कारण बांगडा खाताना त्यांची बोटं आम्ही बघितली होती. शेपटीकडून एक चिमटा, मानेकडे एक चिमटा, आणि अख्खा काटा फणीसारखा बाजूला. ताटात मागे राहायचं ते इतकं स्वच्छ असायचं की आमची मांजर रुसायची.

तोच हात आता मांडीवर नुसता पडलेला असायचा. पहिले चार महिने कुणी घरी आलं की बाबा तो शालीखाली सरकवायचे. जेवताना आई भरवायला बसली की ते भिंतीकडे बघत जेवायचे. फिजिओथेरपीवाली मुलगी रोज यायची. ती एका ताटात वाटाणे ओतायची आणि एकेक उचलून वाटीत टाका म्हणायची. बाबा तिला म्हणायचे, अगं, मी दिवसाला हजारो गाठी मारलेला माणूस आणि तू मला वाटाणे मोजायला बसवतेस? ती म्हणायची, हो. ती पण आमच्यासारखीच होती, दोन शब्दांत विषय संपवणारी.

या सगळ्या दिवसांत घरात बांगडा आला नाही. आई बाबांना सुरमई, बोंबील, काटे काढून घालायची आणि स्वतः तेच खायची. बांगड्याचं नावसुद्धा निघायचं नाही. शेजारच्या घरी बांगडे तळायला घेतले की आई खिडकी लावून घ्यायची आणि मग पाच मिनिटांनी, हवा येईना, म्हणून उघडायची.

मग या दिवाळीनंतर एक दिवस आई ब्लाउजला हूक लावत बसली होती आणि तिला सुईत दोरा ओवता येईना. बाबांनी तिच्या हातातून सुई घेतली. उजव्या हाताने. मी माझ्या नाहूरच्या घरून आले होते, समोरच बसले होते. पाच-सहा वेळा चुकलं, एकदा सुई पडली, ती शोधण्यात दहा मिनिटं गेली, पण शेवटी दोरा गेला. बाबांनी सुई आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "रविवारी बांगडो."

आई लगेच उठून पिशवी शोधायला लागली. बाबा म्हणाले, घरी नाही, हॉटेलात. आईने त्यांच्याकडे असं बघितलं की मला वाटलं सुई परत मागते.

"घराक केलंस तर तूच तळतलंस, तूच वाढतलंस आणि तूच मागसून जेवतलंस," बाबा म्हणाले. "माका तुझ्यासमोर बसान खावचो आसा."

आईने पिशवी शोधणं थांबवलं. पन्नास वर्षांत ती त्यांच्याबरोबर एका वेळी जेवायला बसली असेल ती फक्त लग्नांच्या पंगतीत.

हॉटेल मी शोधलं. मुलुंडचं, घरगुती मालवणी जेवणाचं, दहा-बारा टेबलांचं. मुलुंडात कसले मासे मिळतले, असं आई रिक्षात बसल्यापासून म्हणत होती. रविवारी दुपारी दीड वाजता तिथे बाहेर बाकड्यांवर माणसं नंबर लावून बसलेली बघितली तेव्हा ती गप्प झाली. पण लगेच, "एवढी माणसा? मगे बांगडो उरतलो काय?" ही नवी काळजी सुरू झाली. स्कूटरवरून आधीच पोचलेल्या माझ्या नवऱ्याने छाती फुगवून सांगितलं, आई, मी आत जाऊन दोन बांगडे बाजूला ठेवायला सांगितलेत. त्या क्षणी त्याची मागची सगळी बिस्किटं त्याला परत मिळाली.

आमच्या टेबलाला जो वेटर होता तो पंचावन्नच्या आसपासचा, किडकिडीत, खांद्यावर घडी घातलेला पांढरा नॅपकिन. बसवतानाच त्याने बाबांची खुर्ची भिंतीकडून थोडी पुढे ओढली, म्हणजे उजवा हात मोकळा राहील. मी तेव्हा फक्त एवढंच टिपलं की बघणारा माणूस आहे. आईने मालवणीत काहीतरी विचारलं, त्याने मालवणीत उत्तर दिलं, तो वेंगुर्ल्याकडचा निघाला आणि मग ऑर्डर बाजूला राहून दोघांनी कुठली एसटी कुठे थांबते यावर पाच मिनिटं चर्चा केली. त्यात आईने नवसाची गोष्टही सांगून टाकली. आई अनोळखी माणसाला घरातली एकही गोष्ट सांगत नाही. वेंगुर्ल्याचा माणूस अनोळखी नसतो, एवढंच.

तो म्हणाला, बांगडो फ्राय, दोन थाळी. आणि माझ्या नवऱ्याकडे बघून न विचारताच म्हणाला, सुरमई?

थाळ्या आल्या. बांगडा खरंच मोठा होता, ताटाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत, वर रव्याचा लाल कुरकुरीत थर. आईने तो लांबूनच येताना बघितला, हात जोडले आणि डोळे मिटले. आईचे मिटलेले डोळे हा आमच्या घरातला फार जुना फसवा प्रकार आहे. लहानपणी आरती चालू असताना ती डोळे मिटून उभी असायची आणि आरती संपल्यावर कुणी मोदक किती वेळा चाचपला ते नावानिशी सांगायची. पण त्या दिवशी माझ्या ते डोक्यात आलं नाही. मी बाबांकडे बघत होते.

बाबांनी वेटरला म्हटलं, "द्या हय, मी देतंय तिका."

वेटर क्षणभर थांबला. मग त्याने आईची थाळी बाबांच्या हातात दिली. दोन्ही हातांनी घेतली बाबांनी, डावा खाली, उजवा कडेला. वेटरने लगेच सोडली नाही, त्याचाही एक हात थाळीखाली होताच. बाबांनी मानेने खूण केली, सोडा. त्याने सोडली. मी समोर होते, मला स्पष्ट दिसलं. बाबांचा उजवा अंगठा मिटला नाही. थाळी त्या बाजूने कलली, सोलकढीची वाटी घरंगळली, भाकरी गेली, आणि शेवटी बांगडा सावकाश सरकत टेबलाच्या कडेवरून खाली पडला. फरशीवर. पाठोपाठ थाळीही खणखणत पडली आणि सगळं हॉटेल वळून बघायला लागलं.

वेटर सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्याने म्हणाला, "माझोच हात घसरलो. काका, माफ करा. माझी चूक."

आईने डोळे उघडले. फरशीवरच्या बांगड्याकडे बघितलं. बाबांचा चेहरा पांढराफटक झाला होता आणि उजवा हात त्यांनी टेबलाखाली घेतला होता. त्या शालीच्या दिवसांसारखा. तो हात मला दिसला आणि माझं डोकं फिरलं. कुणावर तरी ओरडल्याशिवाय मला राहवेना. खरं ओरडायला जागा नव्हती, म्हणून मी खोटं ओरडले.

"लक्ष कुठे असतं तुमचं?" मी वेटरवर खेकसले. "म्हाताऱ्या माणसांना जेवण देताय, नीट धरता येत नाही थाळी? एवढ्या वर्षांत हेच शिकलात?"

तो मान खाली घालून उभा राहिला. "चुकलंय ताई," म्हणाला. मी आणखी दोन वाक्यं झाडली. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, त्याला काही कळलं नव्हतं आणि मला सांगायची सोय नव्हती. बाबांनी हळूच माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं ओम्फस झालं असतं.

आईने पदर सावरला आणि खुर्ची मागे सरकवली. "चला घराक. देवीच्या मनात नाय."

"दुसरा आणतो काकी," वेटर म्हणाला.

"दुसऱ्याचो प्रश्न नाय. तिका घास देवचो नसात तर मी कशाक जबरदस्ती करू?" आणि मग, आवाज एकदम खाली आणून, "अजून हात बरो नाय झालो असतलो. म्हणान ती थांब म्हणता."

हे ती बाबांकडे न बघता म्हणाली. बाबा फरशीकडे बघत होते. मला कळलं की आता या क्षणी आम्ही उठून घरी गेलो तर तो हात पुन्हा टेबलावर यायचा नाही. वाटाण्यांचं ताट कपाटावर जाईल. आई जन्मभर बांगडा खाणार नाही आणि बाबा जन्मभर तो हात लपवतील, आणि दोघंही एकमेकांना त्याबद्दल एक शब्द विचारणार नाहीत. ओरडून झालं होतं, आता रडायचंच राहिलं होतं, आणि ते मी बाहेर चारचौघांत करत नाही.

वेटरने फरशी पुसायला कुणाला सांगितलं नाही. स्वतःच वाकला, सगळं गोळा केलं, सोलकढी सांडलेली बाबांची थाळीही उचलली आणि आत गेला. आतून आवाज आला, बांगडे संपले. मग स्वयंपाकघरातून एक धिप्पाड बाई हात पुसत बाहेर आली. ती तिथली मुख्य आचारीण. तिने आईला नीट न्याहाळून विचारलं, "तिखला चलात?" तिने स्वतःसाठी आणि आतल्या दोघींसाठी बांगड्याचं तिखलं, म्हणजे दाट तिखट कालवण, करून बाजूला ठेवलं होतं, तीन वाजता सगळी पांगली की जेवायला. तिरफळं घातलेलं, घरच्यासारखं. ते हॉटेलच्या मेन्यूत नसतं. आई नको म्हणाली, पण तिरफळं हा शब्द ऐकल्यावर तिने पदर सावरायचा थांबवला, हे मी बघितलं.

तेवढ्यात वेटर परत आला. त्याने हात धुतले होते, नॅपकिन खांद्यावरून काढून ठेवला होता. आईला म्हणाला, "काकी, चूक माझी. तुमची नाय, काकांची नाय. चूक माझी म्हटल्यावर देवीकडे मीच बोलूक व्हया. मी गाऱ्हाणा घालतंय. मगे बघा, जेवचा काय नाय ता."

गल्ल्याच्या वर छोटा देव्हारा होता. त्याने खालच्या टोपलीतला एक नारळ उचलला, उदबत्ती लावली आणि चपला काढून उभा राहिला. पुढच्या टेबलावरच्या दोन बायकांनी घास खाली ठेवून पदर डोक्यावर घेतला. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"बा देवी माते म्हाराजा, बारा गावच्या, बारा वाडयेच्या, बारा वहिवाटीच्या देवा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा," आचारीण म्हणाली, त्या दोन बायका म्हणाल्या, आणि बाबाही म्हणाले. सवयीने.

"आज ही तुझी लेक भांडुपासून मुलुंडाक इली आसा. तुका जो शब्द दिललो, तो पुरो करूक इली आसा म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"त्या कामात चूक झाली. थाळी माझ्या हातातसून पडली. त्याचो दोष माझ्या माथ्यार घाल, त्यांच्या घरार घालू नको म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा." आता कोपऱ्यातल्या टेबलावरून पण आवाज आला. तिथे एक तरुण जोडपं बसलं होतं, इतका वेळ ताटाचे फोटो काढत होतं. त्यांचं 'व्हय म्हाराजा' जरा उशिरा आलं. माझा नाशिकचा नवरा मात्र वेळेवर आणि सगळ्यात मोठ्याने म्हणत होता.

"काकांच्या हाताक जा बळ दिलंस ता असाच वाढव. काटो सुटान येवदे. काकींच्या तोंडात घास पडादे म्हाराजा..."

"व्हय म्हाराजा."

"आणि हय बसलेल्या समस्तांका माझ्यामुळे जेवाक उशीर झालो, तर त्यांचो राग शांत कर, त्यांचा बरा कर म्हाराजा..."

हे शेवटचं 'व्हय म्हाराजा' बाहेर बाकड्यांवर नंबर लावून बसलेल्यांकडूनही आलं.

आईचा चेहरा बदलला होता. गाऱ्हाणं घातल्यावर आमच्याकडे मागे राहायला काही जागा नसते. देवीला सांगून झालं, माणसांनी होकार दिला, आता अडून बसणं म्हणजे देवीपेक्षा आपण शहाणे. आईने खुर्ची पुढे ओढली.

तिखलं आलं. दाट, लालभडक, वर तिरफळं. या वेळी वेटरने थाळ्या स्वतः टेबलावर ठेवल्या. मग तो आमच्याकडे पाठ करून, बरोबर बाबांच्या आणि बाकी हॉटेलच्या मधे उभा राहिला आणि शेजारच्या टेबलावरचे पाण्याचे ग्लास पुसायला लागला. ग्लास स्वच्छ होते. तो पुसत राहिला. माझ्या नंतर लक्षात आलं की तिखल्यातला बांगडा तळलेल्यापेक्षा मऊ असतो आणि त्याचा काटा लवकर सुटतो. हे आचारणीला माहीत होतं की त्याला, ते मला कधी कळलं नाही.

बाबांनी उजवा हात टेबलावर आणला. बोटं आधी नुसती बांगड्यावर टेकवली. मग शेपटीकडून चिमटा. निसटला. पुन्हा चिमटा. आम्ही तिघंही जेवतोय असं दाखवत होतो. नवऱ्याने सुरमईचा तोच तुकडा चार वेळा भातात बुडवला. मानेकडच्या चिमट्याला अंगठा पुन्हा मिटेना, तेव्हा बाबांनी डाव्या हाताने मदत करायला हात उचलला आणि तसाच परत खाली ठेवला. घड्याळ मी बघितलं नाही, पण माझा भात थंड झाला होता. शेवटी काटा निघाला. अख्खा नाही, मधेच मोडला, दोन तुकड्यांत. बाबांनी दोन्ही तुकडे थाळीच्या कडेला नीट लावून ठेवले, घास घेतला, चावला, गिळला.

आईने मग पहिला घास घेतला. चौदा महिन्यांनंतरचा. डोळे मिटून खाल्ला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो. आचारीण दारातून बघत होती.

"मीठ किंचित कमी आसा," आई म्हणाली.

आचारीण हसून आत गेली. आईने दुसरा घास घेतला आणि मग ती आमच्याशी अर्धा तास बोललीच नाही. बांगडा खाताना बोलायचं नसतं. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते ती तिरफळांवर ढकलत होती.

निघताना मी मागे राहिले आणि वेटरजवळ गेले. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे शब्द जुळेनात. म्हटलं, मघाशी मी जे बोलले ते...

"ताई, बरा वरडल्यात," तो हळूच म्हणाला. "मनापासून वरडल्यात म्हणून काकींना पटला. नायतर माझ्या एकट्याच्या बोलण्यावर त्या भरवसो ठेवच्या नाय."

मी नमस्कार केला आणि बाहेर आले.

नवरा स्कूटरवरून पुढे गेला, आम्ही तिघं रिक्षात. आई मधे, बाबा तिच्या डावीकडे, मी उजवीकडे. बाबा खुशीत होते. एवढ्या महिन्यांत मी त्यांना आपणहून इतकं बोलताना बघितलं नव्हतं. हॉटेल चांगलं आहे म्हणाले, तिखलं झकास होतं म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "वेटर बिचारो. हात घसरलो त्याचो. वय झाला."

नाहूरच्या पुलावर रिक्षा चढली तेव्हा आईने देवीच्या नावाने हात जोडले. मग म्हणाली, "आजपासून सुरमई सोडलंय मी. एक वर्स."

मी कपाळाला हात लावला. म्हटलं, आता काय झालं? आता कुणासाठी?

"त्या वेंगुर्ल्याच्या माणसासाठी. देवीसमोर नारळ धरून खोटा बोललो तो. त्याका त्याचा पाप लागता नये."

बाबा बाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, एक बस उभी होती. मी बाजू सावरायला म्हटलं, आई, तुला सुरमई आवडतच नाही. जे आवडत नाही ते सोडून देवीला फसवतेस?

"बऱ्यासाठी खोटा बोललो तो. तेवढ्याक सुरमई पुरे," आई म्हणाली.

बाबांनी बाहेर बघतच विचारलं, "तुका दिसला?"

"दिसला नाय तर काय."

"मगे जेवलंस कशी? नवस..."

"थाळी उचलूचो नवस मी खंय बोलललंय? काटो काढूचो बोलललंय. तो काढल्यात."

"पण तू तर डोळे मिटललंस."

आईने बाबांचा उजवा हात त्यांच्या मांडीवरून उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि नखाशी अडकलेलं तिरफळाचं साल पदराने पुसायला लागली.

"चौदा महिने ह्या हाताकडे बघण्याशिवाय मी दुसरा काय केलंय?" ती म्हणाली. "आता डोळे मिटले तरी दिसता."